थकलेल्या भाड्याविषयी भाच्यास पत्र

कळसाडी, जिल्हा नंदुरबार

चि. बाळास,

तुझ्या आईचा परवा फोन आला, त्यावरून कळले की भोसरीच्या कारखान्यातील दुसरी पाळी बंद झाल्यापासून तुझी मिळकत निम्म्यावर आली आहे, खोलीचे तीन महिन्यांचे भाडे थकले आहे, आणि घरमालक संध्याकाळच्या सुमारास वसुलीला येतात म्हणून तू हल्ली रात्री उशिरापर्यंत बाहेरच वेळ काढतोस व सूनबाईला उंबरठ्यावर उभे राहून तू घरी नसल्याचे सांगावे लागते. ओढाताणीची वार्ता ऐकून वाईट वाटलेच. परंतु काम सुटणे, मिळकत घटणे, आजारपण येणे या गोष्टी कष्टकऱ्याच्या वाट्याला येतच असतात आणि त्यांमुळे त्याच्या अब्रूस उणेपणा येण्याचे काही कारण नाही. मला काळजी वाटली ती तोंड चुकविण्याची. माझी उमेदीची वर्षे दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात गेली, आणि भाड्याच्या थकबाकीवरून घराचा ताबा गमावलेल्या ज्या माणसांची प्रकरणे माझ्या हाताखालून गेली, त्यांपैकी पुष्कळांची बाकी भरता येण्याजोगी होती, ती भरण्यास कायद्याने मुदतही दिलेली होती. पण ती मुदत केव्हा सुरू झाली आणि केव्हा सरली याचा त्यांस पत्ताच नव्हता. मालकाची नोटीस त्यांनी न घेता परत पाठविलेली असे, समन्स घेऊन आलेल्या बेलिफाला दार उघडलेले नसे, आणि तारखेच्या दिवशी त्यांच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा ओ देण्यास कोणी नसे, त्यामुळे एकतर्फी हुकूमनामा होऊन जाई.

आपल्या घरास ही विवंचना नवी नाही. तुझे आजोबा दुसऱ्याची जमीन खंडाने कसत, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षी खंड तुंबत असे. मालकाच्या मनात आले की कूळ उठले, असा तो काळ होता. १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि त्याच्या २५ व्या कलमाने अशी तजवीज केली की खंड थकला म्हणून मालकाने कुळास काढण्याची दरखास्त केली तर मामलेदाराने प्रथम त्या कुळास पंधरा दिवसांच्या आत थकलेला खंड व प्रकरणाचा खर्च भरण्यास फर्मावावे, आणि त्याने तो भरला तर कुळवहिवाट संपुष्टात आलीच नाही असा हुकूम द्यावा. कोणत्याही तीन वर्षांची बाकी झाली आणि मालकाने प्रत्येक वेळी तीन महिन्यांच्या आत तशी समज दिली, तर मात्र ही सवलत मिळत नसे. शिवाय दुष्काळाच्या वर्षी सरकारने सारा तहकूब किंवा माफ केला तर खंडही त्या प्रमाणात तहकूब किंवा माफ व्हावा, अशीही त्या कायद्यात तरतूद होती. शेतावरच्या कुळास मिळालेली ही शेवटची सोय शहरातल्या भाडेकरूस मात्र सहसा लाभत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत, १७ एप्रिल रोजी, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची व त्या कारणास्तव कोणास घराबाहेर न काढण्याची सूचना दिली होती. परंतु त्या सूचनेने भाडे पुढे गेले, माफ झाले नाही, आणि ते माफ झाले असे समजून जे निर्धास्त राहिले त्यांच्यावर पुढे एकरकमी बोजा आला. म्हणून बाकी आपोआप विरून जाईल, अशी आशा तू क्षणभरही धरू नकोस.

मात्र बाकी राहिली म्हणजे घर गेलेच, असा धसका घेण्याचेही कारण नाही. आपल्या कायद्याचा कल फार पूर्वीपासून थकबाकीदारास एक संधी देण्याकडे आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा इंग्रजी अमदानीतला व मालकधार्जिणा. पण त्याच्याही ११४ व्या कलमात भाडे न दिल्यामुळे पट्टा रद्द झाला असता, सुनावणीच्या वेळी भाडेकरूने बाकी, व्याज व दाव्याचा संपूर्ण खर्च मालकास दिला तर न्यायालय त्याचा पट्टा कायम ठेवू शकते असे लिहिलेले आहे, आणि जिथे भाडेनियंत्रणाचा कायदा लागू नाही तिथे आजही त्याच कलमाचा आधार घ्यावा लागतो. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरात कारखान्यांसाठी माणसांची रीघ लागली, भाडी चढली, तेव्हा १९१५ साली मेरी बार्बर या बाईच्या पुढाकाराने तेथील कामकरी स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले, जप्तीला आलेल्या अंमलदारांस जिन्यातून परतविले, आणि त्याच वर्षाअखेर ब्रिटिश पार्लमेंटला भाडी रोखणारा कायदा करावा लागला. त्याच युद्धाच्या झळीने १९१८ साली मुंबईतही भाडेनियंत्रण आले, आणि तेथून १९३९, १९४४ व १९४७ असे टप्पे घेत ते आजच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्यापर्यंत पोचले. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. आपल्या कळसाडीसारख्या खेड्याला तो सरसकट लागू नाही. परिशिष्टांत नमूद केलेल्या शहरांना आणि जुने भाडेकायदे जिथे लागू होते त्या क्षेत्रांना तो लागू आहे.

त्यातील १५ वे कलम तू कोणाकडून तरी मराठीत समजावून घे, कारण तुझ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. भाडेकरू प्रमाण भाडे व कायद्याने अनुज्ञेय अशी वाढ देत असेल, अथवा देण्यास तयार व राजी असेल, तोवर मालकास ताबा मागण्याचा अधिकार नाही, असे ते कलम आरंभीच सांगते. भाडे थकले तर मालकाने प्रथम लेखी मागणीची नोटीस बजावली पाहिजे, आणि ती बजावल्यापासून नव्वद दिवस लोटल्याखेरीज त्यास त्या कारणावरून दावाच लावता येत नाही. १९४७ च्या कायद्यात ही मुदत अवघ्या एका महिन्याची होती. दावा लागला तरी समन्स हाती पडल्यापासून पुन्हा नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व बाकी दरसाल शेकडा पंधरा या दराच्या सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढे दाव्याचा निकाल लागेपर्यंत दरमहाचे भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूमनामा करता येत नाही. हा नियमितपणा न्यायालये काटेकोरपणे पाहतात. बाकी एकदम भरून टाकली आणि मग दाव्याच्या काळात पुन्हा चार महिने भाडे तुंबविले, तर आधीचे भरणे वाया जाते. पैसे हाती असूनही केवळ ही अट ठाऊक नसल्यामुळे बिऱ्हाड उचलावे लागलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्या वेळी फार हळहळ वाटे.

आता व्याजाचा हिशेब कर. तुझे भाडे महिना सहा हजार आहे असे तुझी आई म्हणाली. सहा हजारांवर शेकडा पंधराने वर्षाचे व्याज नऊशे रुपये, म्हणजे महिन्याचे पंच्याहत्तर. तुझ्याबरोबर काम करणारे कोणी तुला महिना शेकडा दहाने पैसे देणाऱ्या इसमाकडे नेण्यास निघाले आहेत असे ऐकतो. अठरा हजारांची बाकी त्याच्या पैशाने फेडलीस तर महिन्याला अठराशे रुपये नुसत्या व्याजाचे द्यावे लागतील आणि मुद्दल जिथल्या तिथे राहील. त्या वाटेस मुळीच जाऊ नकोस. २०१४ पासून राज्यात सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा आहे, परवान्यावाचून सावकारी करणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि असा माणूस वसुलीला आला म्हणजे तो घरमालकाहून किती पटींनी निष्ठुर असतो हे आपल्या शहाद्याच्या मुलखाला सांगावयास नको. इथल्या भिल्ल बांधवांच्या किती जमिनी सावकाराच्या वहीतल्या अंगठ्यांनी गेल्या, आणि त्या परत मिळविण्यासाठी अंबरसिंग सुरतवंतींना व श्रमिक संघटनेला सत्तरीच्या आरंभी केवढा लढा द्यावा लागला, तेव्हा कुठे १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला, हे तू लहानपणापासून ऐकत आला आहेस. कोऱ्या कागदावर, कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करावयाची नाही, ही एवढी गोष्ट माझ्या शब्दाखातर पाळ.

यानंतरचे पहिले काम म्हणजे पेटीतला करार काढून शांतपणे वाचणे. तो भाडेपट्ट्याचा आहे की अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा आहे, हे पाहा, कारण पुण्यात हल्ली बहुधा दुसराच प्रकार असतो आणि वर सांगितलेले १५ वे कलम भाडेकरूसाठी आहे, परवान्याने राहणाऱ्यास त्याचा आधार मिळत नाही. करार परवान्याचा असेल तर मुदत संपल्यावर मालक २४ व्या कलमान्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर घर न सोडणाऱ्यास परवानाशुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्या प्राधिकाऱ्याचे समन्स आले तर तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र करून बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ते तीस दिवस हातचे गेले की मालकाचे म्हणणे मान्य झालेच असे समज. अशा करारात बहुधा अनामत रकमेतून बाकी वळती करण्याचे कलम असते, तेही पाहून ठेव. करार लेखी व नोंदलेला आहे की नाही हेही पाहा. ५५ व्या कलमाने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि तशी नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याविषयी, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

दुसरे काम यापेक्षा अवघड वाटेल, पण ते याच आठवड्यात कर. रविवारी सकाळी, सूनबाईस बरोबर घेऊन, घरमालकांकडे स्वतः जा. त्यांचेही घर या भाड्यावर चालत असेल, कदाचित त्यांच्याही डोक्यावर बँकेचा हप्ता असेल. तीन महिने त्यांस नुसते बंद दार दिसले आहे, तेव्हा त्यांच्या बोलण्यात कठोरपणा आला तर तो सोसून घे. काम का कमी झाले, आज हातात किती आहे, पुढच्या पगारातून किती निघेल, हे खरे खरे सांग, आणि जेवढे पाळता येईल तेवढेच कबूल कर. मोठा वायदा करून तो मोडण्यापेक्षा लहान हप्ता वेळेवर देणारा माणूस मालकास अधिक विश्वासाचा वाटतो, आणि न्यायालयासही. घरी आल्यावर जे ठरले ते त्याच दिवशी कागदावर उतरवून त्यांस दे. मजकूर फार नको: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे भाडे एकूण इतके रुपये माझ्याकडून येणे आहे, ते देण्यास मी तयार व राजी आहे, आज इतके रुपये दिले, राहिलेली बाकी चालू भाड्याशिवाय दरमहा इतक्या रुपयांप्रमाणे अमुक महिन्याअखेर पूर्ण करीन, आपली संमती असल्यास खाली सही करावी. दोन प्रती कर, एकीवर त्यांची सही घे. सही देण्यास त्यांनी नकार दिला तर रागावू नकोस, वादही घालू नकोस. तोच मजकूर टपालाने पोहोचपावतीसह पाठव आणि पावती कराराबरोबर जपून ठेव. तू देण्यास राजी होतास, याचा तोच पुरावा होईल.

पैसे देताना पावती घेतल्यावाचून हाताबाहेर सोडू नयेत. भाड्याची लेखी पावती देणे १९९९ च्या कायद्याने मालकावर बंधनकारक केले आहे आणि न दिल्यास दर दिवसास शंभर रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तरी त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा बँकेतून थेट त्यांच्या खात्यावर भाडे भरणे सोपे, आणि भरताना कोणत्या महिन्याचे ते नमूद करणे आवश्यक, नाहीतर चालू महिन्याचे भाडे कोणते व जुनी बाकी कोणती यावरून पुढे घोळ होतो. मालकाने भाडे घेण्यासच नकार दिला, तर मनीऑर्डर कर. ती नाकारून परत आली तर तिच्यावरचा नकाराचा शेरा तुझ्याच उपयोगी पडेल. मात्र परत आलेले ते पैसे संसारात खर्च न करता खात्यात बाजूला काढून ठेव. मालकाने पैसे घेतले नाहीत म्हणून आपण सुटलो, असे समजून ते उडविणारे आणि मग नव्वद दिवसांत ती रक्कम उभी करता न येणारे लोक फार.

खोलीचे छत गळते, म्हणून भाडे अडवून धरण्याचा विचार तुझ्या मनात असल्याचे ताई म्हणाली. तसे करू नकोस. दुरुस्तीसाठी निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, तरीही मालकाने ती न केल्यास आपण करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, असा मार्ग कायद्यातच आहे. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक वळते करता येत नाही. तसेच भाड्याचा भार हलका व्हावा म्हणून मालकाच्या लेखी संमतीवाचून कोणास पोटभाडेकरू ठेवू नकोस. थकबाकी भरून निघते, पण पोटभाडेकरू ठेवल्याचे कारण ताबा घेण्यास स्वतंत्रपणे पुरते.

समजा, मालकाने यातले काहीच मानले नाही आणि वकिलाची नोटीस आली, तर ती सही करून घे. घेण्यास नकार दिला तरी ती बजावली गेली असेच न्यायालय सामान्यतः मानते. मुदत तर सुरू होतेच, आणि आत काय लिहिले आहे ते मात्र तुला कळत नाही. पाकिटावर आल्याची तारीख लिही, तेथून दिवस मोज, आणि मागणीचा आकडा बरोबर आहे का ते तपास. त्यात तू दिलेले महिने धरले असतील किंवा भाडे दरवर्षी शेकडा चारांहून अधिक वाढवून लावले असेल, तर तसे उत्तरात लिहावे, पण जेवढे निर्विवाद देणे आहे तेवढे त्याबरोबरच द्यावे. वकील करण्यास पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नकोस. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, औद्योगिक कामगारांना आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिला आहे; जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्या प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे करार, पावत्या व नोटीस घेऊन जाऊन साधा अर्ज करावा लागतो. आपल्या जिल्ह्यातून पुण्यास गेलेल्या मजुरांपैकी फारच थोड्यांना ही सोय ठाऊक असते; तू ती त्यांनाही सांग.

आणि एक. भाडे थकणे हा दिवाणी व्यवहारातला वाद आहे, तो काही गुन्हा नव्हे. न्यायालयाच्या किंवा प्राधिकाऱ्याच्या हुकुमावाचून कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर टाकणे, चार दांडगे घेऊन येणे, हे कोणत्याही मालकास, बाकी कितीही असली तरी, करता येत नाही. भाडेकरूचे पाणी अथवा वीज तोडणे १९९९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाने दंडनीय आहे आणि ती पुन्हा जोडून देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. जबरदस्तीने बाहेर काढलेच, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ याच्या ६ व्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्नच निघत नाही. असा प्रसंग तुझ्यावर येईल असे मला वाटत नाही. परंतु तू पाळीवर असताना सूनबाई घरात एकटी असते, म्हणून हे तिला वाचून दाखव, आणि कोणी दमदाटी केली तर शेजाऱ्यांना हाक मारून पोलिसांचा ११२ हा क्रमांक लावावा, असे तिला सांगून ठेव.

काम पूर्ववत होण्याची चिन्हे नसतील तर सहा हजारांच्या खोलीस चिकटून बाकी वाढवीत राहण्यापेक्षा, हिशेब चुकता करून, ताबा दिल्याची पोच व अनामतीचा उरलेला पैसा घेऊन, स्वस्त जागेत जाणे बरे. त्यात मला काडीचाही कमीपणा दिसत नाही. तो निर्णय तुम्ही उभयतांनी मिळून घ्यावा.

कापसाचे थोडे पैसे हाती आले आहेत. त्यांतून एका महिन्याचे भाडे उद्या शहाद्यास जाऊन तुझ्या खात्यावर भरतो. ते रविवारी बरोबर ने आणि बाकीतल्या सर्वांत जुन्या महिन्यापोटी जमा करून घे. कराराची सर्व पाने व आजवरच्या पावत्या यांचे फोटो काढून मला फोनवर पाठव, म्हणजे मालकांस द्यावयाच्या पत्राचा मसुदा मी शनिवारपूर्वी तयार करून देतो. ताईला यातले काय ते मी सांगितले आहे. तूही तिला फोन कर. सूनबाईस आशीर्वाद सांगणे. कळावे,

तुझा
मामा